कुमुदताईंचं गुंडाळलेलं सोनं

कुमुदताईंना चहा करता येत नसे. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. लखनौच्या महानगर कॉलनीतल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट सर्वमान्य होती. डॉक्टर साहिबांकडे गेलं तर पाणी मागावं, चहा मागू नये, हे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. मी साताऱ्याहून नुकती आले होते. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेने मला कुमुदताईंच्या हाताखाली दिलं होतं आणि राहायला त्यांच्याच घराची मागची खोली मिळाली होती. पहिल्या सकाळी त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला, स्वतः वही उघडली आणि पेनचं टोपण काढलं.

“कसा झालाय?”

“छान.”

“पुरावा?”

मी दुसरा घोट घ्यायला हवा होता. धीर झाला नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, कप मोरीत ओतला आणि म्हणाल्या, “उद्यापासून चहा तू कर. आणि माझ्याशी खोटं बोलायचं असेल तर आधी सराव करून येत जा.”

तेव्हा त्यांना चोपन्नावं लागलं होतं. मूळच्या मिरजेच्या, लग्न केलेलं नाही, मनगटावर पुरुषी घड्याळ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ‘पुरावा’ हा त्यांचा शब्द. भाजीवाल्याने “एकदम ताज़ी भिंडी है” म्हटलं की त्या “सबूत?” म्हणायच्या आणि तो बिचारा भेंडीचं शेपूट मोडून दाखवायचा. प्रयोगशाळेत त्यांची चूक काढायची कुणाची छाती नव्हती. पाच विद्यार्थी त्यांच्या हाताखाली डॉक्टर झाले आणि पाचही जण पुढे दुसऱ्या शहरांत नोकरीला गेले.

लखनौत अठ्ठावीस वर्षं काढूनही त्यांचं हिंदी मात्र मिरजेच्या वेशीबाहेर पडलं नव्हतं. “मैं आएगी,” “वो डब्बी मेरा है,” असं त्या ठणकावून बोलत. हिंदी शब्द सापडला नाही की मराठी शब्दाला हिंदी शेपूट लावून पुढे सरकत. या शहरात रिक्षावालासुद्धा “तशरीफ़ रखिए” म्हणतो, तिथे हे ऐकताना समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होई. पण दुरुस्त कोण करणार? स्वयंपाकाचंही चहासारखंच, म्हणून दोन्ही वेळच्या जेवणाचा डबा शेजारच्या उषाभाभी श्रीवास्तव यांच्याकडून भिंतीवरून येई. भाभी म्हणत, “इतनी पढ़ी-लिखी औरत भूखी मर जाए, अच्छा लगता है क्या?”

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात संस्थेने ताईंना तीन महिन्यांसाठी बँकॉकला धाडलं. तिथल्या प्रयोगशाळेत वरुणी नावाची सहायक होती, तिच्याच घरी त्या राहिल्या. परत आल्या तेव्हा सामानात वाळवलेल्या पानांचे नमुने होते आणि एक भलंथोरलं लोखंडी अवजार होतं: दोन लांब दांडे आणि टोकाला एकमेकींवर मिटणाऱ्या दोन गोल चकत्या, आतून नक्षी कोरलेल्या. त्यापायी दिल्लीच्या विमानतळावर त्यांना तासभर बसवून ठेवलं होतं.

“तो माणूस विचारतो, यह क्या है? मी म्हटलं, बिस्किट का चिमटा. तर म्हणतो, बहनजी, इससे तो आदमी मर जाए. मी म्हटलं, सबूत?”

तास बहुधा त्यामुळेच लागला असावा.

तो चिमटा होता ‘थोंग मुअन’ करण्याचा. नारळाचं दाट दूध, टॅपिओकाचं पीठ, ताडगूळ, अंडं आणि काळे तीळ हे सगळं फेटायचं. त्यातलं चमचाभर तापलेल्या चकत्यांमध्ये घालून चिमटा मिटायचा, उलटायचा. कागदासारखी पातळ पापडी होते. ती गरम आहे तोवर बोटांनी काडीभोवती गुंडाळायची. हातात चार-पाच सेकंद असतात, मग ती कडक होते आणि गुंडाळायला गेलं तर तुकडे पडतात. “थोंग म्हणजे सोनं, मुअन म्हणजे गुंडाळलेलं,” ताईंनी मला पाटीवर लिहावं तसं सांगितलं. तिकडे लग्नात, नव्या वर्षाला, नव्या घरात जाताना सोन्याच्या नावाचा असा गोड खाऊ देतात. ज्याला द्यायचा त्याच्या घरी सोनं येवो, ही त्यामागची इच्छा. वरुणीची आई देवळाच्या जत्रेत शेगड्यांच्या रांगेपुढे बसून एकटी सहा चिमटे फिरवायची, आणि तिची बोटं भाजत नसत. “मी तिची बोटं तपासली. कातडी जाड झालीय. चमत्कार वगैरे काही नाही.”

जिला चहा येत नाही ती बाई हे करणार म्हटल्यावर मी देवाचं नाव घेतलं.

पहिली अडचण नारळाची. लखनौत नारळ मिळे तो पूजेचा, आणि तोही आतून खडखडीत. कपूरथला बाजारातल्या पूजासामानाच्या दुकानातून ताई दर शनिवारी डझनभर नारळ हलवून, कानाशी लावून, निवडून आणू लागल्या. दुकानदाराने विचारलं, “कौन-सी पूजा है, बहनजी?”

“पूजा नहीं, प्रयोग है.”

चार शनिवार गेल्यावर त्याने आपल्या मनाशी निष्कर्ष काढला की बाईंनी लग्न जमावं म्हणून अनुष्ठान मांडलंय. पाचव्या शनिवारी त्याने पिशवीत लाल दोरा फुकट टाकला आणि हळुवारपणे म्हणाला, “चिंता मत कीजिए, जल्दी ही हो जाएगा.”

“होने को होता है,” ताई म्हणाल्या, “पर गरम होते ही फट जाता है.”

त्याने पिशवीत आणखी एक दोरा टाकला.

टॅपिओकाचं पीठ म्हणून साबुदाणा दळताना मिक्सर जळला. ताडगुळाऐवजी साधा गूळ घातला तर पापडी चकत्यांना अशी चिकटली की ती सोडवायला प्रयोगशाळेतलं रसायन आणावं लागलं. ताई सगळं वहीत नोंदवत. मला आठवते ती एक नोंद: ‘प्रयोग एकोणतिसावा. रंग उत्तम. आकार विडीसारखा. चव: विडीसारखी.’ पुढच्या दिवाळीच्या आसपास मात्र थोंग मुअन खरोखर खाण्याजोगं होऊ लागलं. त्याचं खरं कारण रश्मी, उषाभाभींची मुलगी. बी.ए.ला होती, हात चपळ होता. ताईंनी चिमटा उघडायचा आणि रश्मीने “हाय दइया, हाय दइया” करत पापडी गुंडाळायची. मग ताई गावभर डबे वाटत सुटल्या. बारसं असो, बढती असो, कुणाचं हाड मोडलेलं असो, ताई थोंग मुअन घेऊन हजर. ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गल्ली त्याला नुसतं ‘डॉक्टर साहिबा का बिस्कुट’ म्हणे.

रश्मीचं लग्न त्याच सुमारास जमत आलं होतं. मुलगा अनुपम, अमीनाबादमध्ये कापडाचं दुकान. दोघं दोनदा भेटले होते. “कैसा है?” असं मी विचारलं तर रश्मी म्हणाली, “हँसता बहुत है. ग़लत जगह पे भी.” हे तिने ज्या तऱ्हेने सांगितलं त्यावरून तिला तो आवडलाय हे कळत होतं. डिसेंबरात गोदभराई, म्हणजे आपला साखरपुडा म्हणा, आणि त्याच बैठकीत लग्नाची तारीख ठरायची होती.

त्याआधी आठवडाभर ताई भिंतीपाशी उभ्या राहून भाभींशी बोलत होत्या. मी तिथेच कपडे वाळत घालत होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

“भाभी, रश्मी को मैं सोना देगी.”

“अरे नहीं डॉक्टर साहिबा, इतना सब क्यों…”

“इतना कितना? एक डब्बा देगी. बैंकॉक का असली चीज़. गुंडालाया सोना.”

भाभींच्या हातातली पिळलेली चादर परत बादलीत पडली. त्यांनी आवाज खाली आणला. “घर में रखा है?”

“रखने का क्या, घर में ही बनाती हूँ. आपकी रश्मी मदद करती है.”

भाभींनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि घाईने आत गेल्या. मला वाटलं, दूध उतू जात असेल.

त्यानंतर आमच्या डब्यात अचानक पनीर येऊ लागलं. श्रीवास्तवजी एका संध्याकाळी स्वतः येऊन आमच्या दाराला नवीन पितळी कुलूप लावून गेले. “ज़माना ख़राब है,” एवढंच म्हणाले. ताईंनी कुलूप उघडून मिटून पाहिलं आणि चांगलं आहे असा शेरा दिला. आम्हा दोघींना काडीचाही संशय आला नाही.

गोदभराई भाभींच्या बैठकीत झाली. अनुपमची आई, तिला सगळे अम्मा म्हणत, पांढरी चिकनकारीची साडी नेसून सोफ्याच्या मधोमध बसली होती. बाई शिडशिडीत, बोलणं मधासारखं, नजर सराफासारखी. विधी आटोपले आणि ताईंनी लाल कागदात गुंडाळलेला पत्र्याचा डबा तिच्यापुढे ठेवला. अम्माने आधी खिडकीचा पडदा ओढून घ्यायला सांगितला. मग झाकण उघडलं. वरचा थर पाहिला. तो उचलून बाजूच्या ताटात ठेवला आणि खाली पाहिलं. तोही थर उचलला. असं करत करत तिचा हात डब्याच्या तळाला लागला, तेव्हा तिने डबा कलता करून आतला कागदसुद्धा उलटून पाहिला. बाजूच्या ताटातलं थोंग मुअन अनुपम एकेक करून खात होता.

“डॉक्टर साहिबा,” अम्मा म्हणाली, “सोना?”

“यही,” ताई अभिमानाने म्हणाल्या.

तेवढ्यात अनुपम तोंड पुसत म्हणाला, “अम्मा, फिर तो तोला भर मैं खा गया.”

रश्मी फसकन हसली. बाकी कुणी हसलं नाही. अम्मा उठून उभी राहिली. दुसऱ्या गावची बाई असती तर भांडली असती. ही लखनौची. तिने हात जोडले. “बहन, आप विद्वान हैं, हम ठहरे दुकानदार. हमसे दिल्लगी करने का आपको पूरा हक़ है. अब इजाज़त दीजिए.” आणि तारखेचा विषयही न काढता सगळी मंडळी जिना उतरली. अनुपमच्या हातात तेव्हाही एक थोंग मुअन होतं. तो मागे वळून रश्मीकडे बघत राहिला आणि दोन पायऱ्या चुकला.

आठ दिवस अमीनाबादहून निरोप नाही. भाभींचा डबा येई, पण कधी मीठ नाही तर कधी दुप्पट मीठ. रश्मी आमच्याकडे फिरकली नाही. तिच्या खोलीची खिडकी बंद असे. ताईंनीही त्या आठ दिवसांत कुणाकडे पुरावा मागितला नाही. भाजीवाल्याने जून भेंडी दिली तीही मुकाट्याने घेतली. तेव्हा मी घाबरले.

नवव्या दिवशी त्या वही मिटून म्हणाल्या, “मी सोनं म्हटलं. त्याचं नावच सोनं आहे. माझं चुकलं कुठे?”

“ताई, त्यांना वाटलं खरंखुरं सोनं…”

“पण मी तर सगळं सांगितलं होतं.” त्यांनी पेन्सिल काढून अंबाडा घट्ट केला. “पोरीचं लग्न माझ्या हिंदीपायी मोडायला नको. निकालावर कुणाला शंका असेल तर त्याच्या समोर प्रयोग परत करायचा, हाच नियम. ऊठ, नारळ फोड.”

आम्ही सायकलरिक्षाने अमीनाबादला निघालो. माझ्या मांडीवर कालवलेल्या पिठाचं भांडं, ताईंच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेला चिमटा. रिक्षावाला तीनदा मागे वळून बघत म्हणाला, “बहनजी, कोई झगड़ा-वगड़ा तो नहीं है न?”

“अभी तक नहीं,” ताई म्हणाल्या.

दुकानावरच्या मजल्यावर अम्माचं घर. दारात आम्हाला बघून तिचा चेहरा आखडला, पण पाहुण्याला दारातून परत पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं. पाणी आलं, बत्तासे आले. ताईंनी पाण्याला हात लावला नाही. “मैं माफी मांगने नहीं आई. मैं दिखाने आई. अंगीठी कहाँ है?”

मजल्यावरच्याच उघड्या अंगणात शेगडी पेटली. घरातल्या तीन-चार बायका भोवती जमल्या. अम्मा बाजेवर पाठ ताठ करून बसली. ताईंनी चिमटा तापवला आणि पहिली पापडी कोळशासारखी काढली. दुसरी चकत्यांना चिकटली. तिसरी सुटली, पण रश्मी नव्हती, आणि ताईंचा हात पडला जड. गुंडाळता गुंडाळता तिचे आठ तुकडे झाले. चौथ्या वेळी त्यांनी बोट भाजून घेतलं आणि मिरजेच्या मराठीत एक शब्द उच्चारला, तो मी इथे लिहीत नाही. पाचवी बिघडली तेव्हा अम्मा बाजेवर चुळबुळू लागली. सहाव्या वेळी तिला राहवेना.

“इसमें अंडा है?”

“है,” ताई म्हणाल्या.

“तो मैं खाऊँगी नहीं. मैंने गुरु से दीक्षा ली है. पर हटिए आप. हटिए! यह क्या अत्याचार कर रही हैं? उधर बैठिए, पीढ़े पर. और किसी चीज़ को हाथ मत लगाइए.”

प्रयोगशाळेत ज्यांच्या हातातलं साधं चिमटीएवढं उपकरण कुणी घेतलं नसतं, त्या कुमुदताई चिमटा सोडून निमूट पाटावर जाऊन बसल्या. अम्माने चिमटा हातात तोलला, आचेवर धरला, उलटला, उघडला. चाळीस वर्षं पोळ्या उलटलेली बोटं ती. पहिलीच पापडी अशी सुरेख गुंडाळली गेली की अंगणातल्या बायका “वाह” म्हणाल्या.

“तो बैंकॉक वाला सोना यही है?” दुसरी गुंडाळताना अम्माने विचारलं.

“यही.”

“और वो गुंडे?”

“कौनसे गुंडे?”

“आपकी पड़ोसन ने बताया था. बैंकॉक से गुंडे लाए सोना, डॉक्टर साहिबा के घर में गलता है, रश्मी भी मदद करती है. हमने सोचा, अकेली औरत हैं, कोई मजबूरी रही होगी.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात ती वाळत घालायची चादर, ते पनीर, ते पितळी कुलूप सगळं एकदम लखकन जुळलं. मला हसू आवरेना. “ताई, तुम्ही ‘गुंडालाया’ म्हणालात. गुंडाळलेलं. त्यांनी ऐकलं, गुंडे लाए!”

“लपेटा!” ताई पाटावरून ओरडल्या. “लपेटा हुआ! रोल! गुंडे नहीं, मैं गुंडाली!”

अम्माने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलू लागले. मग ती बांध फुटल्यासारखी हसली, आणि हातातली पापडी तशीच सपाट, कडक होऊन गेली. आत दाराआड अनुपम उभा होता, तो येऊन ती सपाट पापडी घेऊन गेला. आम्ही निघालो तेव्हा अम्माने पंचांग मागवलं होतं.

परतताना रिक्षात ताई भाजलेल्या बोटाकडे बघत म्हणाल्या, “तुला सांगते. आयुष्यभर ज्या घरी गेले तिथे मला बैठकीत बसवलं. डॉक्टर ना मी. आतून बायकांच्या हसण्याचे आवाज यायचे आणि मी बाहेर कुणाच्या तरी काकांशी देशाच्या प्रगतीवर बोलत असायची. वरुणीच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. मी डॉक्टर आहे हे तिला कुणी नीट सांगितलंच नसावं. तिने पहिल्याच दिवशी चुलीजवळ पाट सरकवला आणि हातात चिमटा दिला. मला काही येत नाही हे बघून तीन महिने हसली बाई.” त्यांनी भाजलेलं बोट पदरात गुंडाळलं. “हे कुठे बोललीस तर तुझा प्रबंध अडवून ठेवीन.”

लग्न फेब्रुवारीत झालं. ‘डॉक्टर साहिबा’ म्हणून त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखली होती, ती रिकामीच राहिली. मी शोधत गेले तर त्या मागच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात, हाताला बेसन लावून बसल्या होत्या आणि अम्मा त्यांना रागावत होती. त्यानंतर लखनौ सुटेपर्यंत दर रविवारी ताई अमीनाबादला जात. चिमटा तिकडेच राहिला होता. अम्माने हजारो थोंग मुअन केली, वाटली, शेजारणींना शिकवली, आणि दीक्षा घेतलेली म्हणून त्यातलं एकही कधी चाखलं नाही.

अठ्ठ्याण्णवला ताई निवृत्त होऊन मिरजेला भाच्याकडे गेल्या. चार वर्षांनी एका दुपारी भाच्याचा मला फोन आला: आत्या झोपेतच गेली. मी रश्मीला कळवायला लखनौला फोन लावला. तो अम्माने उचलला. मी सांगितलं. तिने विचारलं, “बेटी, एक बात बताओ. वहाँ उन्हें रसोई में आने देते थे?”

मी तिला भाच्याच्या बायकोने सांगितलं होतं तेच सांगितलं. चार वर्षांत दोन मिक्सर जळले, एक कुकर फुटला आणि ओट्यामागची भिंत तीनदा रंगवावी लागली.

“अच्छा,” अम्मा म्हणाली. “तब ठीक है.” आणि मग ती रडायला लागली.